‘सर, पाय चालून नाही राहिले’: बास्केटबॉल, थकवा आणि सुट्टीचा इतिहास



आमच्या मंगरूळपीरकडे दिवाळीच्या आगेमागे कॉलेजच्या मैदानावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: “सर, पाय चालून नाही राहिले.” त्यावरचं उत्तरही ठरलेलं असतं: “काही नाही होत, दोन राउंड मार, मोकळे होतील.” कधीकधी ते खरंच मोकळे होतात. कधी मात्र तोच पोरगा पुढच्या आठवड्यात घोटा धरून बसलेला दिसतो.

या दोन वाक्यांच्या मधे जे काही आहे, तोच माझ्या पीएच.डी.चा विषय. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर मी कॉलेजच्या खेळाडूंवरचा ताण आणि थकवा हा विषय घेतला, तेव्हा घरच्या एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, “पोट्टे दमतात कसे, यावर पीएच.डी.? ते तं कोणीही सांगीन!” प्रश्न बरोबर आहे. दमणं सगळ्यांनाच कळतं. पण दमलेल्या माणसाचं ऐकायचं कधी, त्याला सुट्टी द्यायची कधी आणि ते ठरवायचं कोणी, यावर गेली सव्वाशे-दीडशे वर्षं वाद चालू आहे. आज तुम्हाला तोच इतिहास सांगायचा आहे. सुरुवात मुंबईच्या गिरणीत आहे, मग इटली आणि अमेरिका, आणि शेवटी आपण अमरावतीमार्गे मंगरूळपीरला परत येऊ.

दीड वर्षातल्या तीन गोष्टी

पहिली गोष्ट आपल्या मुंबईतली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्यांच्या मागण्यांतली सगळ्यात मोठी मागणी आज आपल्याला मागणीसुद्धा वाटत नाही: आठवड्यातून एक दिवस सुट्टी. गिरणीत दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चालायचं. माणूस दमतो हे मालकांना दिसत नव्हतं असं नाही. पण दमणं हा कामगाराचा घरगुती प्रश्न मानला जायचा. बरीच वर्षं अर्ज, सभा आणि सह्यांच्या मोहिमा झाल्यावर १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली.

दुसरी गोष्ट इटलीतल्या तुरीन शहरातली. तिथे अँजेलो मॉसो हे शरीरशास्त्रज्ञ थकवा मोजायच्या मागे लागले होते. त्यांनी ‘अर्गोग्राफ’ नावाचं यंत्र बनवलं. हात पट्ट्यांनी घट्ट बांधायचा, मधल्या बोटाला दोरी, दोरीच्या टोकाला वजन. ठरलेल्या तालावर बोट वाकवून वजन उचलत राहायचं. प्रत्येक वेळी वजन किती उचललं गेलं याची रेघ काजळी लावलेल्या फिरत्या नळकांड्यावर उमटायची. आधी उंच, मग बुटक्या, मग बोट थांबेपर्यंत कमी होत जाणाऱ्या रेघा. थकव्याचं हे नीट काढलेलं चित्र. १८९१ मध्ये त्यांचं ‘ला फातिका’, म्हणजे ‘थकवा’ याच नावाचं पुस्तक आलं.

मॉसोंच्या दोन निरीक्षणांकडे लक्ष द्या, पुढे कामाला येतील. एक, प्रत्येक माणसाची थकण्याची रेघ वेगळी असते, जवळजवळ अक्षरासारखी. कोणी हळूहळू उतरतो, कोणी शेवटपर्यंत टिकून एकदम कोसळतो. दोन, विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेऊन आलेल्या एका सहकाऱ्याचं बोट त्यांनी यंत्राला लावलं, तर त्याची ताकद नेहमीपेक्षा कमी भरली. हाताने काहीच जड काम केलं नव्हतं, थकलं होतं ते डोकं.

तिसरी गोष्ट त्याच १८९१ च्या डिसेंबरमधली, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डची. तिथल्या वाय.एम.सी.ए. च्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाकडे अठरा तरुणांचा वर्ग होता. फुटबॉलचा हंगाम संपलेला, बेसबॉलचा यायचा होता, बाहेर बर्फ आणि पोरं कवायतीला कंटाळलेली. नाइस्मिथने व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले. बास्केटबॉल जन्मला तो असा. हा खेळ दोन हंगामांच्या मधली रिकामी जागा भरायला काढलेला होता. पुढे तो स्वतःच इतका लांब हंगाम होऊन बसला की त्यातल्या थकव्यावर शोधनिबंध लिहायची वेळ आली.

खेळ वेगवान कसा झाला

नाइस्मिथच्या मूळ तेरा नियमांमध्ये सामना होता पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन डावांचा, मधे पाच मिनिटं विश्रांती. शिवाय प्रत्येक बास्केट झाल्यावर चेंडू मैदानाच्या मधोमध नेऊन पुन्हा उडी घेतली जायची. म्हणजे प्रत्येक गुणानंतर सगळ्यांना श्वास घ्यायला थोडी फुरसत आपोआप मिळत होती.

१९३७ मध्ये अमेरिकेत ही मधली उडी काढून टाकली. बास्केट झाली की लगेच चेंडू आत, लगेच पळापळ. बघणाऱ्यांना मजा आली, पण खेळाडूंच्या हृदयाला हे झेपेल का, अशी काळजीही तेव्हा बोलून दाखवली गेली. १९५४ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक एन.बी.ए. मध्ये चोवीस सेकंदांचं घड्याळ आलं: तेवढ्या वेळात बास्केटकडे चेंडू टाकलाच पाहिजे. आंतरराष्ट्रीय नियमांत ही मुदत आधी तीस सेकंदांची होती, २००० मध्ये तीही चोवीस झाली. त्याच वर्षी दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर आले. आपली कॉलेजची पोरं आज ज्या नियमांनी खेळतात ते हेच.

खेळाडू किती पळतो हे मोजायची धडपडही जुनी आहे. १९३१ मध्ये लॉइड मेसरस्मिथ आणि स्टीफन कोरी यांनी मैदानाच्या छोट्या नकाशावर खेळाडूच्या हालचालीमागोमाग चाक फिरवून अंतर काढलं होतं. पण नुसतं अंतर कळून भागत नाही. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियात मॅकिनिस आणि सहकाऱ्यांनी अव्वल पुरुष खेळाडूंच्या सामन्यांचं चित्रीकरण करून प्रत्येक हालचाल मोजली. एका सामन्यात एका खेळाडूच्या साधारण हजार वेगवेगळ्या हालचाली निघाल्या. म्हणजे सरासरी दर दोन सेकंदांनी काहीतरी बदलतं: पळ, थांब, वळ, उडी, बाजूला सरक. प्रत्यक्ष खेळ चालू असताना त्यातल्या तीनचतुर्थांश वेळ हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या ८५ टक्क्यांच्या वर होते.

म्हणून बास्केटबॉलचा थकवा लांब पल्ल्याच्या धावपटूसारखा नसतो. यात शरीराला सारखा ब्रेक लावावा लागतो. उडीवरून खाली येताना, जोरात पळताना एकदम थांबताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात. अशा कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि ती भरून यायला दोन-तीन दिवस लागू शकतात. “पाय चालून नाही राहिले” या वाक्यामागचं एक कारण हे आहे.

थकव्याचा बहाणा

इथे जरा थांबून मुलींबद्दल बोलायला हवं, कारण थकव्याच्या इतिहासातला हा भाग नेहमी राहून जातो.

स्प्रिंगफील्डपासून जवळच स्मिथ कॉलेज हे मुलींचं कॉलेज आहे. तिथल्या शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी १८९२ मध्येच हा खेळ आपल्या विद्यार्थिनींना शिकवला. मुली खेळतात हीच तेव्हा मोठी गोष्ट होती. पण त्या फार दमू नयेत म्हणून नियम बदलले गेले: मैदानाचे तीन भाग करायचे आणि प्रत्येकीने आपल्याच भागात राहायचं. बेरेन्सन यांचा हेतू मुलींना खेळायला मिळावं हाच होता आणि त्या काळात त्याशिवाय परवानगीही मिळाली नसती. पण नियम एकदा चिकटला की सुटत नाही. अमेरिकेत पाच-पाच जणींनी अख्ख्या मैदानावर खेळायचं हे १९७१ मध्ये कुठे नियमात आलं. आयोवा राज्यात तर शाळेच्या मुली १९९३ पर्यंत अर्ध्या मैदानाचा जुना खेळ खेळत होत्या.

थोडक्यात, थकव्याचे दोन गैरवापर आहेत. गिरणीत तो नाकारला गेला, म्हणजे राबवून घेता आलं. मुलींच्या बाबतीत तो वाढवून सांगितला गेला, म्हणजे अडवता आलं. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी होती: थकणाऱ्या माणसाला कोणी विचारलं नव्हतं.

आपल्याकडे आजही दोन्ही चालतं. मुलगी दमली की “मुलींचं असंच असतं” म्हणून विषय संपतो. खरं तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन कमी असेल तर स्नायूंना प्राणवायू कमी पोचतो, मग राउंड कितीही मारा. अशा मुलीला सरावातून काढायचं नसतं आणि रागवायचंही नसतं. आधी रक्त तपासायचं असतं.

लॅक्टिक ॲसिड नावाचा आरोपी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांना वाटत होतं की थकवा म्हणजे शरीरात साचणारं एखादं विष असावं. मॉसोंनी दमलेल्या कुत्र्याचं रक्त ताज्या कुत्र्याला देऊन तो मलूल होतो असं दाखवलं होतं. जर्मनीच्या वाइखार्ट यांनी तर थकव्यावर उतारा सापडल्याचं जाहीर केलं आणि तो शाळेच्या वर्गात फवारूनही पाहिला गेला! थकव्याची लस काही आली नाही, पण ‘विष’ ही कल्पना टिकली.

१९०७ मध्ये केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी दमलेल्या बेडकाच्या स्नायूत लॅक्टिक ॲसिड वाढतं हे नीट मोजून दाखवलं. पुढे ए. व्ही. हिल आणि ओटो मायरहॉफ यांना स्नायूंवरच्या कामासाठी १९२२ चं नोबेल पारितोषिक मिळालं. तेव्हापासून लॅक्टिक ॲसिड आरोपीच्या पिंजऱ्यात उभं आहे. आजही दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या की मैदानावर कोणीतरी म्हणतंच, “लॅक्टिक साचलं.” प्रत्यक्षात खेळ थांबल्यावर तासाभरात ते जवळपास मूळ पातळीवर येतं. १९८० च्या दशकात जॉर्ज ब्रुक्स यांनी दाखवून दिलं की लॅक्टेट हे इंधन आहे: एक स्नायू ते तयार करतो, दुसरा स्नायू आणि हृदय ते जाळतात. दुसऱ्या दिवशीचं दुखणं हे वर सांगितलेल्या ब्रेक लावण्याचं बिल असतं.

याच काळातली एक जागा लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९२७ ते १९४७ या वीस वर्षांत हार्वर्ड विद्यापीठात ‘फटीग लॅबोरेटरी’ होती. ती वैद्यकीय शाखेत असेल असं तुम्हाला वाटेल. ती होती बिझनेस स्कूलच्या तळघरात! कारखान्यातला माणूस किती वेळ नीट काम करू शकतो हा तिथला मूळ प्रश्न, आणि महायुद्धात त्यात सैनिकाची भर पडली. खेळाडूंवरचं पुष्कळ शास्त्र याच वाटेने आलं आहे.

खऱ्या इंधनाचा शोध १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये लागला. बर्गस्ट्रोम आणि हुल्टमन या दोघांनी १९६६ मध्ये स्वतःवरच प्रयोग केला. एकच व्यायामाची सायकल, एक जण या बाजूला, दुसरा त्या बाजूला, आणि प्रत्येकाने एकाच पायाने पेडल मारायचं. मग जाड सुईने दोन्ही मांड्यांतले बारीक तुकडे काढून तपासले. राबलेल्या पायातलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूतली साठवलेली साखर, जवळजवळ संपली होती. नंतर भरपूर पिष्टमय जेवण घेतल्यावर त्याच पायात ती दुसऱ्या पायापेक्षा कितीतरी जास्त भरली. ही टाकी पूर्ण भरायला चांगलं जेवूनही साधारण एक दिवस लागतो. सामन्यानंतर वरण-भात, भाकरी, केळी, गूळ-शेंगदाणे पोटात जाणं हा सरावाचाच भाग आहे, असं मी म्हणतो ते यामुळे.

हंगाम कसा आखतात

एक सामना संपला, झोपलो, जेवलो, बरं वाटलं. पण चार महिने हेच चालू राहिलं तर?

१९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटं टिपण छापलं. उंदरांना थंडी, इजा, अतिश्रम असा कुठलाही ताण दिला तरी शरीर ठरावीक टप्प्यांतून जातं: आधी धक्का, मग जुळवून घेणं, आणि ताण हटलाच नाही तर कोसळणं. सोव्हिएत संघाच्या मात्वेयेव यांनी १९६० च्या दशकात वर्षाचे टप्पे पाडून सराव आखायची पद्धत मांडली, तिला सेल्येंच्या कल्पनेचा आधार दिला जातो. १९७५ मध्ये कॅनडातल्या बॅनिस्टर यांनी याचं गणित केलं. त्याचा गाभा सोपा आहे: प्रत्येक सराव दोन गोष्टी मागे ठेवतो, तयारी आणि थकवा. थकवा मोठा असतो पण लवकर उतरतो. तयारी लहान असते पण जास्त दिवस टिकते. म्हणून मोठ्या सामन्याआधी सराव कमी केला तर थकवा गळून पडतो आणि तयारी उरते. आदल्या दिवशी खेळाडूंचा घाम काढणारे प्रशिक्षक नेमकं उलटं करतात.

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो आणि त्यात तीसेक सामने होतात, साधारण आठवड्याला दोन. अभ्यास, विमानप्रवास, परीक्षा हे सगळं त्यातच. १९९१ मध्ये तिथल्या एन.सी.ए.ए. या संस्थेने नियम केला की हंगामात खेळाडूला आठवड्याला वीस तासांहून जास्त राबवायचं नाही आणि एक दिवस पूर्ण सुट्टी द्यायची. पळवाटा निघाल्या, तो वेगळा विषय. पण रविवारची सुट्टी मिळाल्यावर एकशे एक वर्षांनी कॉलेजच्या खेळाडूलाही एक दिवस कागदावर मिळाला.

आणि आपला हंगाम?

बास्केटबॉल आपल्याकडे आला तो वाय.एम.सी.ए. च्याच वाटेने. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय सुरू केलं, तिथून तयार झालेले शिक्षक देशभर गेले. वऱ्हाडात तोवर स्वतःची परंपरा होतीच. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं होतं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने कबड्डी, मल्लखांब असे आपले खेळ तिथे करून दाखवले. त्याच बर्लिनमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिम्पिक पदकांचा खेळ झाला. तोही उघड्यावर, मातीच्या मैदानावर. अंतिम सामना पावसाच्या चिखलात झाला आणि अमेरिकेने कॅनडाला १९-८ असं हरवलं.

आता आजचं बघू. १ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ झालं, आजचं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतली कॉलेजं त्यात येतात. मंगरूळपीरचा खेळाडू आधी आंतरमहाविद्यालयीन सामने खेळतो. तिथे निवड झाली तर विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागात, म्हणजे महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या विद्यापीठांविरुद्ध. त्यातून वर गेलं तर अखिल भारतीय स्पर्धा.

या स्पर्धा कशा होतात बघा. आधी बाद फेरी, हरला की घरी. शेवटच्या चार संघांमध्ये साखळी, म्हणजे प्रत्येकी आणखी तीन सामने. सगळं लागोपाठच्या दिवसांत, कारण राहण्याजेवणाचा खर्च, मैदान, पंच सगळं त्यातच बसवायचं असतं. म्हणजे जो संघ चांगला खेळतो तोच रोज खेळतो, आणि सगळ्यात महत्त्वाचे सामने सगळ्यात दमलेल्या पायांनी खेळतो. स्नायू सावरायला दोन-तीन दिवस आणि टाकी भरायला एक दिवस, हे गणित आठवा.

अमेरिकेतल्या खेळाडूचा हंगाम लांब असतो. आपला हंगाम आठवड्यात कोंबलेला असतो. तिथल्या शोधनिबंधांतले आकडे इथे जसेच्या तसे लावून चालत नाहीत, ते याच्यामुळे.

दुसरा फरक मैदानाबाहेरचा. आमच्या तालुक्यातला खेळाडू फक्त खेळाडू नसतो. सामने येतात तेव्हा सोयाबीनची सोंगणी आटोपत असते, नाहीतर कापूस वेचायला आलेला असतो. सकाळी तोच पोरगा पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर मारतो आणि संध्याकाळी सिमेंटच्या कोर्टवर बास्केटबॉल खेळतो. अमरावतीला जायचं तर एस.टी.ने कारंजावरून शंभरेक किलोमीटर, उतरलं की जर्सी घालून मैदानात. याच दिवसांत हिवाळी परीक्षाही असतात. मॉसोंचा परीक्षा घेऊन दमलेला सहकारी आठवतोय ना? २००९ मध्ये सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी हेच नव्याने तपासलं. नव्वद मिनिटं डोकं शिणवणारं काम केल्यावर सायकल मारायला बसवलं, तर लोक लवकर थांबले. हृदय आणि स्नायूंचे आकडे थांबण्याचं कारण देत नव्हते. तेवढंच काम त्यांना जास्त जड वाटत होतं, इतकंच.

विचारा आणि लिहून ठेवा

मग मोजायचं कसं? छातीला पट्टा, पाठीवर जी.पी.एस., रक्ततपासणी हे सगळं चांगलंच आहे, पण तालुक्याच्या कॉलेजात ते येणार कुठून? सुदैवाने गेल्या पन्नास वर्षांत शास्त्र एका साध्या जागी परत आलं आहे: खेळाडूलाच विचारा.

स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी ‘किती जड गेलं’ याला आकडा द्यायची पट्टी बनवली. आधी ६ ते २० ची, कारण आकड्याला दहाने गुणलं की ढोबळमानाने हृदयाचे ठोके मिळतात. पुढे ० ते १० ची. अमेरिकेच्या कार्ल फॉस्टर यांनी १९९० च्या दशकात त्याचा रोजच्या सरावासाठी सोपा हिशेब केला. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने विचारायचं, “० ते १० मध्ये आजचा सराव किती जड गेला?” तो आकडा गुणिले सरावाची मिनिटं. २००१ च्या त्यांच्या शोधनिबंधात कॉलेजचे बास्केटबॉल खेळाडूही होते, आणि हा साधा आकडा हृदयाच्या ठोक्यांवरून काढलेल्या ताणाशी चांगला जुळला.

उदाहरण घ्या. ९० मिनिटं सराव, जड गेला ७, तर ताण ६३०. आता समजा एका खेळाडूचा ताण रोज ४००, सातही दिवस. आठवड्याचा एकूण २८००. दुसऱ्याचा ७००, १५०, ६५०, १५०, ७००, ४५० आणि एक दिवस शून्य. याचाही एकूण २८००. पण फॉस्टर यांच्या मते पहिला धोक्याच्या जास्त जवळ, कारण त्याच्या आठवड्यात उतारच नाही. रोज सारखंच घासणं शरीराला जास्त महागात पडतं. मधे एखादा हलका दिवस आणि एक खरी सुट्टी, एवढ्यानेच फरक पडतो.

आता त्यात शेत घाला. समजा रविवारी सराव नाही म्हणून पोरगा ४ तास सोंगणीला गेला आणि त्याला ते ६ जड गेलं. २४० गुणिले ६ म्हणजे १४४०. दोन सरावांहून जास्त! ही पट्टी शेतकामासाठी बनवलेली नाही, म्हणून या आकड्याला मी शास्त्र म्हणणार नाही. पण सरांच्या वहीत त्या रविवारी ‘सुट्टी’ लिहिलेलं असतं, आणि सोमवारी “दोन दिवस बसला तरी पाय का उचलत नाही?” असं विचारलं जातं. वहीत एक रकाना शेताचा, एक झोपेचा आणि एक परीक्षेचा वाढवला, तर सोमवारचा प्रश्नच बदलेल.

एक मोठी अडचण उरते. खेळाडू खरं सांगेल का? विद्यापीठाच्या संघात निवड ही आमच्याकडे नुसती हौस नसते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांमध्ये खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी कुठल्या पातळीवर काय कामगिरी लागते याचे नियम कडक आहेत. पण तिथवर जायची पहिली पायरी ही निवडच असते. घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजात गेलेलं, त्यात ही एक वाट दिसलेली. अशा पोराला तुम्ही निवडीच्या आदल्या दिवशी विचारलं, “किती दमलास?” तर तो म्हणणार, “काहीच नाही सर, दोन.” ज्या आकड्यावरून नाव कापलं जाण्याची भीती आहे, तो आकडा कोणीच खरा सांगत नाही.

म्हणून मला वाटतं, वही आणि पट्टी याच्या आधी एक शब्द द्यावा लागतो: जास्त आकडा सांगितला म्हणून कोणाला संघातून काढणार नाही. आकड्यावरून फक्त सराव बदलेल. हा शब्द दोन-तीन महिने पाळला की आकडे खरे यायला लागतात. त्याआधी जमवलेली कुठलीही वही म्हणजे नुसती शाई.

लोखंडेंच्या हातात अर्गोग्राफ नव्हता. तरी त्यांनी सुट्टी मिळवली होती, कारण त्यांनी हजारो दमलेल्या माणसांचं म्हणणं एकत्र करून मालकांसमोर ठेवलं. आज आपल्याकडे हजारो शोधनिबंध आहेत, आणि तरी स्पर्धेच्या वेळापत्रकात दोन सामन्यांच्या मधे एक मोकळा दिवस बसत नाही. तो बसवायचा तर विद्यापीठांसमोर पोरांच्या थकव्याची लिहिलेली नोंद ठेवावी लागेल, एका कॉलेजची नाही, पाचही जिल्ह्यांची. या हंगामात माझं काम तेच आहे: तारीख, मिनिटं, आकडा, झोप, शेत. तुम्ही खेळाडू असाल किंवा प्रशिक्षक, तर उद्याच्या सरावापासून एका साध्या वहीत हे पाच रकाने आखा. वहीला पंधरा-वीस रुपये लागतात.